गोवा पूड : सोरायसिसच्या एका उपचाराचा इतिहास

दौंड-मनमाड लोहमार्गावर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहराच्या उत्तरेस श्रीरामपूर हे तालुक्याचे गाव आहे. त्याच्या रेल्वे-स्थानकाचे नाव मात्र बेलापूर. १८७८ साली हा मार्ग खुला झाला, तेव्हा काही मैलांवरचे प्रवराकाठचे बेलापूर हेच या भागातील नांदते गाव होते. स्थानकालगतची वस्ती पुढे प्रवरेच्या कालव्यांमुळे, उसामुळे आणि साखर कारखान्यांमुळे वाढली व तिला स्वतंत्र नाव मिळाले. वस्तू एकीकडची आणि नाव दुसरीकडचे, हा प्रकार औषधांच्या इतिहासात तर पदोपदी आढळतो. सोरायसिस या त्वचाविकारावर डिथ्रॅनॉल, डांबर व सॅलिसिलिक आम्ल यांचे जे एकत्रित मलम भारतात आजही मिळते, त्यातील पहिल्या घटकाचा पूर्वज एकोणिसाव्या शतकातील मुंबईत ‘गोवा पूड’ या नावाने ओळखला जात होता. ती पूड गोव्यात उत्पन्न होत नव्हती, आणि ज्या रोगासाठी ती पुढे जगभर वापरली गेली, त्या रोगासाठी मुंबईत वा गोव्यात ती कोणी मुद्दाम लावीत असे, असेही दिसत नाही. ती लावली जाई गजकर्णावर.

या पुडीच्या इतिहासात केवळ एका औषधाची भटकंती नाही. सोरायसिसला दीर्घकाळ दुसऱ्याच रोगांच्या नावाखाली वावरावे लागले. एका बाजूस महारोग, दुसऱ्या बाजूस गजकर्ण, अशा दोन रोगांशी त्याची गल्लत होत राहिली. पहिल्या गल्लतीची किंमत रोग्याने भोगली; दुसरीतून मात्र त्याला एक गुणकारी औषध मिळाले. उपचारांचा इतिहास लिहिताना रोगाच्या नावाचा इतिहास बाजूस ठेवता येत नाही, तो यासाठी.

सोरायसिसचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतील बिघाडामुळे त्वचेच्या वरच्या थरातील पेशी अतिशय वेगाने निर्माण होतात. निरोगी त्वचेत ज्या स्थित्यंतरास सुमारे चार आठवडे लागतात, ते येथे तीन ते पाच दिवसांत उरकते. परिणामी कोपरे, गुडघे, कंबर, डोके या ठिकाणी लालसर चट्टे उठून त्यांवर रुपेरी खपल्यांचे थर साचतात. काहींची नखे व सांधेही बिघडतात. रोगास आनुवंशिक कल असतो, थंडीत तो बहुधा वाढतो, कधी आपोआप ओसरतो आणि पुन्हा उलटतो. तो संसर्गजन्य नाही. भारतातील प्रौढांत त्याचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के इतके निरनिराळ्या पाहण्यांतून सांगितले गेले आहे. समूळ नाहीसा करणारा उपाय आजही उपलब्ध नाही; उपचार म्हणजे रोगाला आटोक्यात ठेवणे, हाच अर्थ येथे घ्यावयाचा.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत या रोगाला स्वतंत्र एकच नाव नाही. चरकाने ‘कुष्ठ’ या वर्गात सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार गणले. त्यांपैकी एककुष्ठाचे वर्णन, म्हणजे घाम न येणारी, पुष्कळ जागा व्यापणारी, माशाच्या खवल्यांसारखी दिसणारी त्वचा, आणि किटिभाचे वर्णन, म्हणजे काळसर, खरखरीत व घट्ट चट्टा, ही दोन्ही आजच्या अनेक वैद्यांना सोरायसिसशी जुळणारी वाटतात. हे समीकरण पूर्णपणे निर्णायक मानता येत नाही, कारण प्राचीन वर्गीकरण दोषांच्या प्राबल्यावर उभे आहे आणि आधुनिक वर्गीकरण पेशींच्या रचनेवर व कारणांवर. तथापि एक गोष्ट निश्चित आहे. चरकाचा ‘कुष्ठ’ हा शब्द त्वचारोगांच्या एका विस्तृत कुळाचा वाचक होता. त्यात आजचा महारोग जसा येतो तसा गजकर्णासारखा किरकोळ विकारही येतो. वमन, विरेचन व रक्तमोक्षण ही शोधने, पोटात खदिरासारखी द्रव्ये आणि वरून लेप व तेले, हा उपचारक्रम या साऱ्या कुळास सामान्य होता. वर्ग एकच असल्यामुळे वैद्याला नेमक्या नावावाचून अडत नव्हते.

युरोपातील परिस्थिती याहून फारशी वेगळी नव्हती, किंबहुना अधिक गोंधळाची होती. ‘सोरायसिस’ हा ग्रीक शब्द गॅलनच्या लेखनात येतो, पण तो भलत्याच खाजऱ्या विकारासाठी. खवले धरणाऱ्या त्वचारोगांना ‘लेप्रा’ म्हणण्याची ग्रीकांची रीत होती, आणि मध्ययुगात तेच नाव महारोगास चिकटले. लंडनचा वैद्य रॉबर्ट विलन याने १७९८ पासून भागशः प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रोगाचे अचूक वर्णन केले. परंतु वाटोळ्या चट्ट्यांना त्यानेही ‘लेप्रा’च म्हटले आणि अनियमित चट्ट्यांना ‘सोरायसिस’. ही दोन्ही एकाच रोगाची रूपे आहेत आणि महारोगाशी त्यांचा संबंध नाही, हे व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा याने १८४१ मध्ये स्पष्ट केले. महारोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन याने १८७३ साली ओळखला. म्हणजे गोवा पूड वैद्यकीय चर्चेत आली त्या सुमारास, सोरायसिस म्हणजे महारोग नव्हे हे विद्वानांत तरी मान्य झाले होते.

विद्वानांत मान्य झालेली गोष्ट गावात मान्य व्हावयास मात्र पुष्कळ काळ जावा लागतो, आणि मराठीच्या बाबतीत तर शब्दांनीच त्यात अडथळा आणला. एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या पूर्वार्धात मराठी लोकव्यवहारात हान्सेनच्या रोगाला ‘महारोग’ किंवा ‘रक्तपिती’ म्हणत. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोरा येथे स्थापन केलेल्या संस्थेच्या नावातही ‘महारोगी’ हाच शब्द आहे. पुढे शासकीय व वैद्यकीय लेखनात ‘कुष्ठरोग’ हा शब्द रूढ झाला. ‘महारोगी’ या शब्दाभोवती साचलेल्या तिरस्कारातून रोग्याची सुटका व्हावी, हा त्या बदलाचा एक लाभ होता. पण त्या उपकाराची एक बाजू दुर्लक्षित राहिली. अठरा प्रकारांचा कुलवाचक शब्द एकाच रोगाच्या मालकीचा झाला. त्यानंतर एखाद्या वैद्याने आपल्या शास्त्राप्रमाणे सोरायसिसच्या रोग्याला ‘तुम्हांस एककुष्ठ आहे’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटणार, हे सांगण्याची आवश्यकता नाही. १८९८ च्या महारोगविषयक कायद्याने आपली व्याख्या व्रण पडू लागलेल्या रोग्यांपुरती मर्यादित ठेवली होती. सोरायसिसचा रोगी त्या व्याख्येत बसत नव्हता. तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि महारोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी २०१९ मध्ये गेल्या. लग्न जुळविणाऱ्या मंडळींची व्याख्या मात्र कोणत्याही कायद्याने बांधलेली नसते.

आता गजकर्णाकडे वळावयाचे. महाराष्ट्रात गजकर्ण व नायटा यांवरची घरगुती औषधे सर्वपरिचित आहेत. पावसाळ्यात वाटेच्या कडेला उगवणाऱ्या टाकळ्याचे संस्कृत नाव चक्रमर्द. त्याच्या बिया वाटून लावतात. दादमर्दन या नावाने ओळखले जाणारे झुडूपही त्याच कुळातले आणि त्याच उपयोगाचे, मात्र ते मूळचे अमेरिका खंडातील आहे. या दोहोंत क्रायसोफॅनिक आम्ल या नावाने ओळखले जाणारे पिवळे द्रव्य असते. अशा प्रदेशात गजकर्णावरची आणखी एक पिवळसर पूड खपावी यात नवल नाही. ती लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात कालवून चट्ट्यावर लावीत. मुंबईचे डी. एस्. केम्प यांनी १८६४ मध्ये इंग्लंडच्या औषधिशास्त्रीय नियतकालिकातून तिच्याकडे लक्ष वेधले. कलकत्त्याचे डॉ. जोसेफ फेरर यांनी १८७४ साली गजकर्णावरील तिच्या गुणाविषयी लिहिले. पूड गोव्याहून येते एवढे सर्वांस ठाऊक होते. गोव्यात ती कोठून येते, हे इंग्रज वैद्यांस ठाऊक नव्हते.

उत्तर आले ते ब्राझीलमधून. बाहिया येथे वैद्यकी करणारे डॉ. जुझे फ्रान्सिस्को दा सिल्व्हा लिमा यांनी फेररचे टिपण वाचले आणि १८७५ मध्ये दाखवून दिले की, ही गोवा पूड म्हणजे ब्राझीलमध्ये ‘अरारोबा’ किंवा ‘बाहियाची पूड’ म्हणून प्रसिद्ध असलेले द्रव्यच होय. बाहियाच्या अरण्यातील एका उंच वृक्षाच्या गाभ्यात, लाकडाच्या भेगांतून व पोकळ्यांतून, ती साठते. वृक्ष तोडून त्याचे ओंडके करावयाचे, ते उभे चिरावयाचे आणि कुऱ्हाडीने पूड खरवडून काढावयाची, अशी ती मिळविण्याची रीत. उडणाऱ्या धुळीने तोडणाऱ्यांचे डोळे सुजत. ताजी असता ती फिकट पिवळी असते. हवा लागून तपकिरी, मग जांभळट होते. १८७९ मध्ये या वृक्षाला ‘अँडिरा अरारोबा’ हे शास्त्रीय नाव मिळाले. आजच्या वर्गीकरणात तो ‘व्हाताइरेऑप्सिस’ या प्रजातीत घातला जातो.

बाहियाची पूड गोव्यात पोहोचण्याचा मार्ग शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पोर्तुगालहून भारताकडे ये-जा करणारी जहाजे बाहियाच्या बंदरात थांबत, आणि १७६३ पर्यंत तेच ब्राझीलच्या राजधानीचे शहर होते. काजू, अननस आणि मिरची ज्या पोर्तुगीज दळणवळणातून आली, त्याच दळणवळणातून ही पूडही आली. काजूचा वृक्ष कोकणात रुजला, म्हणून तो कोकणचा झाला. अरारोबाचा वृक्ष येथे रुजला नाही, फक्त त्याची पूड येत राहिली. तरीही मुंबईच्या बाजाराने तिला गोव्याचे केले. मालाला शेवटच्या बंदराचे नाव देण्याची व्यापाऱ्यांची सवय जुनी आहे. येथे तिचा परिणाम असा झाला की, वृक्ष तोडणारे बाहियाचे मजूर आणि पूड वापरून पाहणारे तेथील लोक औषधाच्या नावातून पूर्णपणे पुसले गेले.

सोरायसिसचा प्रवेश यानंतर होतो. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी १८७६ च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये क्रायसोफॅनिक आम्लाच्या मलमाने सोरायसिस बरा होत असल्याचे प्रसिद्ध केले. या शोधामागची हकीकत त्वचारोगशास्त्राच्या इतिहासात अशी सांगितली जाते की, सोरायसिसच्या चट्ट्यांना गजकर्ण समजून गोवा पूड लावली गेली आणि चट्टे नाहीसे झाले. या हकीकतीचा तपशील कसाही असो, तिचा गाभा संभाव्य आहे. वाटोळा, लालसर, कडेने पसरणारा आणि खपल्या धरणारा चट्टा पाहून गजकर्ण व सोरायसिस यांत चूक होणे आजही अशक्य नाही. महत्त्व आहे ते स्क्वायर यांच्या पुढील पावलाला. औषध लागू पडले म्हणजे रोग गजकर्णच होता, असा उलटा निष्कर्ष काढून ते थांबले नाहीत. निदान चुकीचे होते आणि गुण खरा होता, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी मान्य केल्या. उपचारांच्या इतिहासात असा विवेक वाटतो त्यापेक्षा दुर्मिळ आहे.

नावाचा घोटाळा मात्र येथेही सुटला नाही. १८७५ मध्ये अ‍ॅटफील्ड यांनी पुडीचे पृथक्करण करून तिचा बहुतांश क्रायसोफॅनिक आम्लाचा आहे असे ठरविले होते, आणि स्क्वायर यांचे मलम त्याच नावाने गाजले. १८७८ मध्ये लीबरमान व सायडलर या जर्मन रसायनज्ञांनी सिद्ध केले की, पुडीतील मुख्य द्रव्य ते नसून त्याच्या अलीकडच्या पायरीचे, ऑक्सिजन शोषून घेऊन क्रायसोफॅनिक आम्लात रूपांतर पावणारे, क्रायसारोबिन आहे. हा भेद केवळ पुस्तकी नव्हता. टाकळा व दादमर्दन यांत ते आम्ल असूनही सोरायसिसवर त्यांचा गोवा पुडीसारखा प्रभाव का पडू नये, याचे उत्तर बरेचसे या भेदात असावे.

क्रायसारोबिनचे मलम प्रभावी होते, पण ते सोसणे कठीण होते. भोवतालची निरोगी कातडी लाल होऊन जळजळे. बोट चुकून डोळ्यास लागले तर डोळा सुजे. कातडीवर तपकिरी-जांभळा डाग पडे आणि तोच डाग सदऱ्यावर, चादरीवर कायमचा राही. श्रीमंत रोग्यालाही स्वतंत्र कपडे व अंथरूण ठेवावे लागे. मोजकी वस्त्रे असणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न त्या काळच्या ग्रंथांत फारसा उपस्थित केलेला दिसत नाही.

पहिल्या महायुद्धात ब्राझीलची पूड जर्मनीत पोहोचेनाशी झाली. या टंचाईतून बायर कंपनीच्या रसायनज्ञांनी क्रायसारोबिनशी रचनेने अगदी निकटचा असा कृत्रिम पदार्थ तयार केला, आणि १९१६ मध्ये गालेव्स्की व उन्ना यांनी सोरायसिसवर त्याचा उपयोग वर्णिला. ‘सिग्नोलिन’ या व्यापारी नावाने निघालेले हे द्रव्य म्हणजेच डिथ्रॅनॉल. यापुढे अरण्यातील वृक्षाची गरज उरली नाही आणि गोव्याचे नावही औषधाच्या वेष्टनावरून गेले. १९२५ मध्ये अमेरिकेत गोकरमन यांनी दगडी कोळशाचे डांबर आणि अतिनील किरण यांची जोड घातली होती. १९५३ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे इंग्रॅम यांनी डांबराचे स्नान, अतिनील किरण आणि चट्ट्यांपुरताच लावलेला डिथ्रॅनॉलचा घट्ट लेप असा पद्धतशीर क्रम बसविला. रोग्यास काही आठवडे रुग्णालयात ठेवण्याची सोय असेल, तर हा क्रम उत्तम गुण देई. अट मोठी होती.

ती अट टाळणारी औषधे त्याच दशकात आली. त्वचेवर लावावयाचे हायड्रोकॉर्टिसोन १९५२ मध्ये उपयोगात आले आणि त्यामागून अधिक तीव्र स्टेरॉइड मलमे आली. त्यांना वास नव्हता, डाग नव्हता, जळजळ नव्हती. ग्रामीण महाराष्ट्रात डिथ्रॅनॉल मागे पडून स्टेरॉइड मलमांचा जो सुळसुळाट झाला, त्याचे कारण त्यांच्या गुणाइतकेच त्यांच्या या सोज्ज्वळपणात आहे. कातडी पातळ होणे, औषध सोडताच रोग उसळणे, हे तोटे मागाहून ध्यानात येतात. सोरायसिसमध्ये पोटातून वा सुईने स्टेरॉइड देऊन ते एकदम थांबविल्यास सर्वांगावर पूयुक्त पुटकुळ्या उठून जीव धोक्यात येऊ शकतो. आणि चार दिवसांत लखलखीत गुण देणाऱ्या निनावी पुड्यांत पुष्कळदा हेच द्रव्य असते.

पोटात घ्यावयाच्या औषधांपैकी मेथोट्रेक्सेटची कथा भारतीय वाचकाला विशेष जवळची वाटावी. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाची विरोधी द्रव्ये सिद्ध झाली. रक्ताच्या कर्करोगावर त्यांचा प्रथम उपयोग झाला आणि १९४८ मध्ये सुब्बाराव निवर्तले. १९५१ मध्ये गब्नर सांधेदुखीच्या रोग्यांना त्यांतील अमिनोप्टेरिन देत असता एका रोग्याचे सोरायसिसचे चट्टे गेल्याचे त्यांच्या नजरेस आले. म्हणजे येथेही गुण दिसला तो दुसऱ्याच रोगाचा उपचार चालू असताना. १९५८ पासून त्या जागी मेथोट्रेक्सेट वापरात आले. ते स्वस्त आहे, आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, आणि गैरसमजाने रोज घेतल्यास प्राणघातक ठरते. यकृत व रक्त यांची वेळोवेळी तपासणी आणि गर्भारपणात पूर्ण वर्ज्य, या अटी पाळल्या गेल्या तर जिल्ह्याच्या ठिकाणी तीव्र सोरायसिसवर एवढा परवडणारा दुसरा उपाय क्वचितच सापडेल.

बावचीचा मार्ग याच्या उलट दिशेने गेला. बावचीच्या बिया लावून ऊन घेण्याचा उपाय पांढऱ्या कोडासाठी या देशात फार जुना आहे. १९३३ मध्ये जोइस व मंजुनाथ यांनी सहकाऱ्यांसह त्या बियांतून सोरालेन वेगळे केले. १९७४ मध्ये हार्वर्डचे पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅननबॉम आणि भारतीय वंशाचे मधु पाठक यांनी सोरालेनजातीचे औषध पोटात देऊन नंतर दीर्घ लहरींचे अतिनील किरण सोडण्याची पद्धत सोरायसिससाठी प्रसिद्ध केली. गोवा पूड परदेशी असून देशी नावाने वावरली. बावची देशी असून परदेशी नावाने परतली. घरी बावची लावून उन्हात बसणाऱ्यास मात्र भाजून फोड येण्याचा धोका आहे, कारण ऊन मोजून देता येत नाही.

अहमदनगर जिल्ह्यात या दोन्ही परंपरांचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली अहमदनगर येथे आयुर्वेद महाविद्यालय काढले. श्रीरामपूरपासून जवळच लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. श्रीरामपूरच्या परिसरातील रोगी आज महामंजिष्ठादि काढा, आरोग्यवर्धिनी, करंजाचे तेल, स्टेरॉइड मलम आणि मेथोट्रेक्सेट यांमधून, पुष्कळदा एकमेकांस न कळविता, वाट काढीत असतो. ही लपवालपवी निर्धोक नाही. आरोग्यवर्धिनीत पारा व ताम्रभस्म असते, आणि यकृतावर ताण आणणाऱ्या गोळ्या चालू असताना ती घेतली आहे की नाही, हे डॉक्टरास कळणे अगत्याचे असते. २०१३ मध्ये बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने इटोलिझुमॅब हे प्रतिपिंडजन्य औषध भारतात आणले. त्यानंतर याहून प्रभावी अशी इंटरल्यूकिन-विरोधी इंजेक्शनेही आली. त्यांनी शंभर टक्के त्वचा स्वच्छ झालेले रोगी दाखविले आहेत, परंतु उसाच्या बिलावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबास ती दीर्घकाळ परवडतील अशी स्थिती अद्याप आलेली नाही.

या पार्श्वभूमीवर डिथ्रॅनॉल अगदीच कालबाह्य झालेले नाही. १९८० च्या सुमारास असे आढळून आले की, रोगट त्वचेत ते निरोगी त्वचेपेक्षा लवकर मुरते. म्हणून रात्रभर लेप ठेवण्याचे कारण नाही. पंधरा मिनिटे ते अर्धा तास मलम फक्त चट्ट्यावर ठेवून धुऊन टाकावे, चेहरा व सांध्यांच्या घड्या टाळाव्यात, हात ताबडतोब साबणाने धुवावेत, अशी नवी रीत रूढ झाली. त्यामुळे जळजळ पुष्कळ कमी झाली आणि रोग्याला घरीच उपचार घेता येऊ लागला. जांभळट डाग मात्र तसाच राहिला. ज्याला हे मलम दिले जाते, त्याला आजही प्रथम एक जुना, टाकाऊ सदरा बाजूला काढून ठेवावयास सांगतात.